चंद्रदेवीचे हात

मित्रांनो, जरा लांबूनच बघा. उजव्या हाताला तर बोट लावूच नका, तिथला रंग अजून ओला आहे. मी एक जुनी तसबीर आहे, आणि खरं सांगायचं तर आज माझा जीव थाऱ्यावर नाही.

आडरस्त्यावरच्या या हॉटेलात आज माझं प्रदर्शन आहे. जेवणघरातली टेबलं भिंतीला सरकवली आहेत, पडदे धुतले आहेत आणि दारात पाटी लावली आहे. पाटीवर राणीचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत. राणी माझ्यात चंद्रदेवी होऊन ढगांवर उभी आहे आणि तिने दोन्ही हातांनी चंद्र उचलून धरला आहे. पण ते हात राणीचे नाहीत, आणि माझी सगळी काळजी तीच आहे.

माझा चित्रकार हट्टी होता आणि सदा सर्दीने बेजार. राणीसाहेबांनी त्याला एक सकाळ दिली. तेवढ्यात त्याने चेहरा उतरवून घेतला. तासन्‌तास चंद्र धरून उभं राहायला कोण राणी रिकामी बसली आहे? मोठ्या घरच्या तसबिरी अशाच व्हायच्या, चेहरा मालकिणीचा आणि बाकीचा देह दुसऱ्याच कुणाचा. राजवाड्यात कपडे धुणारी एक बाई उंचीला जुळली. तिला राणीची वस्त्रं नेसवून दोन उपड्या घमेल्यांवर उभं केलं. घमेली म्हणजे ढग. हातात पत्र्याचं ताट दिलं, तो चंद्र. अशी ती अकरा दिवस उभी राहिली.

तिचे हात भरून यायचे. "जरा टेकू का हो?" ती विचारायची.

"चंद्र पडेल," चित्रकार नाक पुसत म्हणायचा, आणि दोघंही हसायची.

त्याने हात जसे दिसले तसेच रंगवले. सुजलेले सांधे, चिरलेला अंगठा, झिजलेली नखं. मला ती बाई आवडायची, सरळ सांगते.

दरबारात माझी वाहवा झाली. सगळे चेहऱ्याकडे बघत होते. राणीसाहेबांनी मात्र हात पाहिले आणि नाक मुरडलं. "हे तेवढे नीट करा," म्हणाल्या. चित्रकार हो हो म्हणाला आणि रंगांची पेटी उचलून जो गेला तो गेलाच. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढे राजवाड्यातलं सामान चहूकडे गेलं. या हॉटेलच्या मालकीणबाईंच्या आजोबांनी मला इथे आणलं. काही वर्षं मी जेवणघरात मिरवले. मग आरशांची हौस आली, आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली, गाद्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून. बारा वर्षं की चौदा, कोण मोजतंय! आता नवा रस्ता दुसरीकडून गेला, खोल्या रिकाम्या पडू लागल्या, तेव्हा मालकीणबाईंना माझी आठवण झाली. एक तसबीर हॉटेल कसं तारणार, देव जाणे.

मालकीणबाई मनाने चांगल्या, पण टापटिपीचं भारी वेड. भिंतीवर ओरखडा दिसला की लगेच रंग. मला पुसतापुसता शुक्रवारी त्यांना हात दिसले. "अगंबाई, रंगाला तडे गेलेत," त्या म्हणाल्या आणि हॉटेलच्या पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याला बोलावणं धाडलं. तो काल सकाळी आला आणि उजव्या हातापासून सुरुवात केली. मी काय करणार? तसबिरीला का आपला हात मागे घेता येतो? अर्ध्या तासात तो हात सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत झाला. मला रडू येत होतं.

तो डाव्या हाताकडे वळला, तेवढ्यात हॉटेलचे कपडे धुणाऱ्या मावशी पडदे घेऊन आल्या. थबकल्या.

"हे तडे नाहीत बाई," त्या मालकीणबाईंना म्हणाल्या. "सोड्याच्या पाण्यात जन्म गेला की हात असे होतात. हे बघा." पडदे खुर्चीवर ठेवून त्यांनी आपला हात माझ्या डाव्या हाताशेजारी धरला.

रंगाऱ्याने कुंचला खाली घेतला. "अहो, पण राणीचे हात असे?" मालकीणबाई पुटपुटल्या.

"राणीचे नसतीलच," मावशी म्हणाल्या आणि पडदे लावायला गेल्या.

मालकीणबाईंना ठरवता येईना. त्यांची एक रीत आहे. उशी मऊ हवी की कडक, हेसुद्धा त्या दारात उभ्या राहून पाहुण्यांना विचारतात आणि जास्त लोक सांगतील तसं करतात. "उद्या पाहुण्यांनाच विचारू," त्या म्हणाल्या. "ज्या हाताला पसंती जास्त, तसा दुसरा करायचा."

"उद्या संध्याकाळपर्यंत सांगा," रंगारी म्हणाला. "ओला आहे तोवर अलगद पुसून देईन. वाळला की माझ्याच्याने होणार नाही."

सकाळपासून मी कान टवकारून आहे. "उजवा किती सुरेख!" एक जण म्हणाला. "डावा बिघडलाय वाटतं," त्याची बायको म्हणाली. मावशींना कुणी विचारलंच नाही, त्या मागच्या अंगणात चादरी वाळत घालताहेत.

मित्रांनो, जुनी वस्तू नीट करायला घेण्याआधी ती तशी का आहे, हे कुणाला तरी विचारत जा. माझ्या पाठीवर राणीचं नाव आहे, चित्रकाराचं आहे. त्या बाईचं कुणी लिहिलं नाही. तिचं म्हणून या जगात आता डाव्या हाताची पाच बोटं उरली आहेत, बाकी काही नाही. बाहेर पडताना मालकीणबाई तुम्हाला विचारतील. डावा ठेवा आणि उजवा पुसा, एवढं सांगा. जरा मोठ्याने सांगा, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.