टपालपेटीला जांभळी टोपी

निकाल लागला बुधवारी. शुक्रवारी सकाळी आयडा रॅम्सडेन लोकरीच्या दुकानाचं कुलूप काढत होती, तोच पॉलीन ग्रिम्शॉ सह्यांचा कागद घेऊन दारात हजर. कागद फळीला चिमट्यानं लावलेला आणि फळीला दोरीनं पेन बांधलेलं. पॉलीननं तीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढली होती. मोकळं ठेवलेलं पेन परत येत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

गिऱ्हाईक येईल तशा सह्या घे म्हणाली, आणि पहिली तुझी कर. आयडानं फळी गल्ल्यापाशी ठेवली आणि चष्मा कुठं गेला कोण जाणे, असं म्हणत दोन खण उघडून बघितले. चष्मा तिच्या डोक्यावर होता. पॉलीन घाईत होती म्हणून निभावलं.

स्कारवेलच्या समुद्रकिनाऱ्यावर कपडे बदलायच्या लाकडी खोल्यांची रांग आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथं पंधरा वर्षांच्या दोन मुलांनी चौदा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार केला. ज्यूरीनं दोघांना दोषी ठरवलं. शिक्षा काय, तर तुरुंग नाही. तीन वर्षं देखरेख, संध्याकाळी सातनंतर घरात, आठवड्यातून दोनदा समुपदेशन. न्यायाधीश म्हणाले, ही अजून मुलंच आहेत आणि यांचं अख्खं आयुष्य पुढं पडलंय. ते वाक्य वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं आणि गाव पेटलं. शिक्षा वाढवा, ही पॉलीनच्या कागदावरची मागणी.

तिघांचीही नावं छापायला मनाई होती, आणि मुलीचं तर जन्मभर. ती मनाई आपणही पाळू. या गोष्टीत ती फक्त आयडाची नात.

गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खटला चाळीस मैलांवरच्या शहरात चालला होता. मुलगी रोज शाळेत जात होती, घरी येत होती. निकालाच्या दिवशी परतताना आयडाची लेक लिन, म्हणजे मुलीची आई, गाडीत एवढंच म्हणाली, "आई, आता फक्त चेहरा सांभाळ. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं." आयडानं ते फारच मनावर घेतलं. विषय निघाला की बरं नाही, वाईट नाही, काही बोलायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं. सहीचंही तेच. सही करताना हात थरथरला असता, आणि चारशे पोरांपैकी एकाचाही खोटा आजार पॉलीनच्या नजरेतून कधी सुटला नव्हता.

गावाचा राग खरा होता, हे आधी कबूल करायला हवं. कुंपणावरून अकरा वर्षं अबोला धरलेल्या दोघांनी एकाखाली एक सह्या केल्या. मासे-बटाट्याच्या दुकानातल्या रांगेत माणसं डोळ्यांत पाणी आणून बोलायची. पण अशा रागात हळूहळू मजा येऊ लागते, आणि ती कुणी कबूल करत नाही. मुलांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून सगळे ओळखायला बसले. एका रात्री कुणीतरी एका घराच्या दारावर लाल रंगानं घाण शब्द लिहिले. त्या घरातला मुलगा वर्षभर आजीकडे वेल्समध्ये राहत होता. दार पुसायला मात्र कुणी गेलं नाही.

दर गुरुवारी दुपारी आयडाच्या दुकानामागच्या खोलीत बायकांचं विणकाम मंडळ जमायचं. चहाची किटली, बिस्किटांचा डबा आणि सहा जणींची तोंडं. दुकानासमोर लाल टपालपेटी होती, आणि तिला प्रसंगाप्रमाणे विणलेली टोपी घालायची हा स्कारवेलचा जुना शौक. नाताळात बर्फातला पक्षी, ईस्टरला पिल्लं, युद्धस्मृतीच्या दिवशी खसखशीची लाल फुलं. या खेपेला जांभळी टोपी विणायची ठरली. वर हातात हात घातलेल्या अकरा बाहुल्या आणि खाली पांढऱ्या लोकरीत 'आमच्या मुलीला न्याय द्या'. आयडानं जांभळ्या लोकरीचे नऊ गुंडे फुकट दिले. निदान तेवढं तरी.

"लोकर देते, सही देत नाही," मर्टल बूथ सुईवरचे टाके मोजता मोजता म्हणाली. "पॉलीननं पेन बांधून ठेवलंय. आता आयडालाही बांधायचं का?"

सगळ्या हसल्या. आयडाही हसली आणि किटली भरायला उठली. नळाखाली किटली धरून ती बराच वेळ उभी राहिली. आपली पोर, आणि सगळ्या गावाची मालकी. आमची मुलगी म्हणे. तिला इतका संताप आला की किटली भरून वाहायला लागली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

आणि तिचं तिलाच धड कळत नव्हतं, हेही होतंच. त्या दोघांपैकी एकाला ती ओळखत होती. आठ वर्षांचा असताना तो शाळेच्या नाटकातल्या सिंहाच्या आयाळीसाठी पिवळी लोकर घ्यायला आला होता, आणि चार रंग उन्हात नेऊन बघून त्यानं एक निवडला होता. त्याला डांबून ठेवल्यानं नातीला झोप लागेल का, हे आयडाला सांगता आलं नसतं. पण त्याला घरी पाठवलं तेव्हा न्यायालयात नातीचा हात तिच्या हातातल्या हातात गार पडला होता, तेही तिला विसरता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी घेऊन ती दिवसभर लोकर मोजत बसायची.

नात दर बुधवारी शाळा सुटली की दुकानात यायची. गल्ल्यामागे बसून लडी सोडवायची, गुंडे करायची. बोलायची नाही. ती यायच्या आधी आयडा सह्यांची फळी पालथी घालून नमुन्यांच्या पुस्तकांखाली सरकवायची, आणि ती आली की चहा टाकायला आत जायची.

चौथ्या बुधवारी पावणेचारला नात आली. बाहेर टोपी दोन दिवसांच्या पावसानं भिजून टपालपेटीच्या तोंडावर ओघळली होती. नातीनं कोट काढला नाही.

"नॅन, पत्र गेलं का?" आजीला ती नॅनच म्हणायची.

"कुठलं पत्र, राणी?"

नातीनं दप्तरातून एक घडीपत्रक काढलं. निकालाच्या दिवशी न्यायालयातल्या मदतनीस बाईंनी ते लिनला दिलं होतं आणि लिननं ते स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं होतं. आयडानं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. शिक्षा फारच कमी वाटत असेल तर कुणीही, अगदी कुणीही, लंडनला महान्यायवादींच्या, म्हणजे सरकारच्या सर्वांत मोठ्या वकिलांच्या, कार्यालयाला कळवू शकतं. ते निकाल पुन्हा तपासतात आणि पटलं तर वरच्या न्यायालयात नेतात. एका माणसानं लिहिलं तरी पुरे, सह्यांचा ढीग लागत नाही. मात्र अठ्ठावीस दिवसांच्या आत, कचेरीच्या वेळेत. त्यानंतर काही म्हणजे काही होत नाही.

"आज अठ्ठाविसावा," नात म्हणाली. "मी मोजतेय."

पॉलीननं पाठवलंच असेल, आयडा म्हणाली, आणि म्हणता म्हणताच फोन उचलला. पॉलीन चर्चच्या सभागृहात शनिवारच्या मोर्चाचा फलक रंगवत होती. सह्या चार हजार आठशेवर गेल्यात, शनिवारी पाच हजार होतील, लंडनला जायला बस ठरलीय, बँडवाले येणारेत, सगळं एका दमात सांगून झालं. आयडानं विचारलं, पण ते पत्र कुणी पाठवलं का? पॉलीन म्हणाली, पत्र खासदारबाईंच्या कचेरीतून गेलं असणार, त्याच म्हणाल्या होत्या की, तुमचं पाठवून झालं की आम्हाला कळवा. म्हणजे... इथं पॉलीन थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू गेलं होतं.

"आज शेवटचा दिवस आहे, पॉलीन. पाच वाजेपर्यंत."

मग पॉलीन अगदी हळू आवाजात म्हणाली, "आयडा, तुला गं कसं माहीत?"

पाच हजार माणसं टपालपेटी सजवत बसली होती, आणि एकानंही पत्र टाकलं नव्हतं. दुसऱ्यानं टाकलं असेल, अशी प्रत्येकाची खात्री. आणि त्यात आपणही होतो, हे तिला फोन ठेवता ठेवता लख्ख कळलं.

लोकरीच्या मागण्या पाठवायचा जुना संगणक सुरू व्हायला सात मिनिटं लागली. घडीपत्रकात दिलेला अर्ज पडद्यावर उघडला. न्यायालयाचं नाव, तारीख, आरोपींची नावं. ती आयडाला पाठ होती. मग प्रश्न आला, शिक्षा कमी का वाटते? आयडाची बोटं थांबली. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

"काय लिहू, राणी? तू सांग."

"आधी तू सांग," नात म्हणाली. "तू सही का नाही केलीस?"

आयडा वळली.

"तू चहा करायला जातेस ना, तेव्हा मी बघते. दर बुधवारी. सगळी पानं." नातीचा आवाज चढला नव्हता. "मासेवाल्याची आहे. आमच्या पीटीच्या बाईंची आहे. ज्यांना मी माहीत पण नाही, त्यांची आहे. तुझी नाहीये. मला वाटलं, तुला न्यायाधीशांचं पटलंय."

आयडाला वाटलं, आपल्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. तुझं नाव बाहेर पडू नये म्हणून, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं, तरी म्हणताना ते फार अपुरं वाटलं. महिनाभर तिनं चेहरा सांभाळला होता. गावापासून सांभाळता सांभाळता तो नातीपासूनही सांभाळला गेला होता.

"मला नाही पटलं," ती म्हणाली. "एक दिवसही नाही पटलं. त्यांचं काय करायला हवं होतं ते मला कळत नाही. पण जे झालं ते मला नाही पटलं."

"मलाही कळत नाही," नात म्हणाली, आणि पहिल्यांदा कोट काढून शेजारच्या स्टुलावर बसली. "तुरुंगातच टाका असं नाही. म्हणजे कधी वाटतं, कधी नाही वाटत. न्यायाधीश त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल अठरा मिनिटं बोलले, नॅन. मी समोरच्या घड्याळात बघत होते. माझ्याबद्दल दोन मिनिटं. कुणीतरी ते परत नीट वाचावं, एवढंच."

आयडानं तेच लिहिलं. अठरा मिनिटं, दोन मिनिटं, कृपया पुन्हा नीट वाचा. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पाठवायचं बटण नातीनं दाबलं.

दुसऱ्या दिवशी विणकाम मंडळात मर्टलनं सवयीप्रमाणे आयडाच्या सहीचा विषय काढला. पॉलीननं मान वर न करता तिला सांगितलं, टाके सुटताहेत, आपलं विणकाम बघ. मर्टल गप्प झाली. पॉलीनही दुपारभर आणखी काही बोलली नाही, आणि स्कारवेलमध्ये ही बातमीच होती.

शुक्रवारी उत्तर आलं. दीड पान होतं. आपलं म्हणणं आणि न्यायालयातले सगळे कागद वाचले, असं त्यात होतं. शिक्षा सौम्य आहे, असं अनेकांना वाटणं समजण्यासारखं आहे. परंतु या वयाच्या आरोपींसाठी ती कायद्याच्या मर्यादेबाहेर गेलेली नाही, म्हणून प्रकरण वर नेता येत नाही. नातीनं ते दोनदा वाचलं. रडली नाही. मिनिटांबद्दल त्यांनी लिहिलंय, म्हणाली, आणि ती ओळ बोटानं दाखवली. तिथं खरंच लिहिलं होतं, अठरा मिनिटं आणि दोन मिनिटं, याची नोंद घेतली आहे. मग आयडाच रडली, आणि नातीनं तिला टेबलावरचं विणलेलं फडकं दिलं.

शनिवारी बस लंडनला गेलीच. बँडवाल्यांनी सराव केला होता, तो वाया कसा जाऊ द्यायचा? पॉलीन मात्र गेली नाही. गुडघा धरलाय म्हणाली. दहाच्या सुमारास ती दुकानासमोर आली, टपालपेटीवरची चिंब टोपी दोन्ही हातांनी काढली, पिळली, आणि पिशवीत घालून आत आली. नात गल्ल्यामागे बसून पांढऱ्या लोकरीची लडी सोडवत होती. पॉलीननं तिच्याकडे बघितलं नाही. इतकं ठरवून बघितलं नाही की तिला कळलंय, हे आयडाला समजलं.

"हे एक पान मी लंडनला गेलेल्या खोक्यात घातलं नाही," पॉलीन म्हणाली आणि फळी गल्ल्यावर ठेवली. "शेवटची ओळ रिकामी राहिली होती. अर्धवट पान द्यायचं बरं दिसत नाही." आणि गुडघा धरल्याचं विसरून ताडताड चालत निघून गेली.

आयडानं दोरीचं पेन उचललं. हात थरथरला, तसा तो थरथरू दिला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली. नात लडी बाजूला ठेवून तिच्या खांद्याशी येऊन उभी राहिली आणि ओळ सुरुवातीपासून वाचू लागली.

"पिनकोड राहिला," ती म्हणाली.

आयडानं पिनकोड लिहिला. आता तो कागद कुठंच जायचा नव्हता. नातीनं चिमटा उघडून तो काढला, नीट चार घड्या केल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.