पाटावरची छन्नी

जनार्दनने क्लचचा दांडा दोन बोटांनी ओढला आणि सोडून दिला. दांडा जेवढा सैल असावा तेवढाच सैल होता. केबलचा एकही धागा तुटलेला नव्हता. त्याने मोटारसायकल स्टँडवर चढवली, चारही गियर एकामागून एक पाडून पाहिले, मग लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या पोटाला लावून त्याची मूठ कानाशी धरली. आत सारे लयीत चालले होते.

"परत सांग बघू, काय होतं ते."

"बाकी सगळीकडे बराबर चालते, काका," शुभंकर म्हणाला. "फक्त हरणीच्या वळणावर, त्या कडुलिंबापाशी, दांडा आपोआप आत जातो. मी न दाबता. गाडी एकदम सैल पडते. मित्र म्हणतात, तिकडे कोणाच्या गॅलरीकडे बघत असशील!"

जनार्दन हसला नाही. शुभंकरची आई, स्नेहलता, दाराशी उभी होती. नवऱ्याच्या गाडीवरचे कापड तिने तीन वर्षांनी, या आठवड्यातच काढले होते.

"सोमवारपासून याला मकरपुऱ्याला नोकरीवर जायचंय, जनार्दनभाई. म्हणतो, पप्पांचीच गाडी चालवीन. यांच्या गाडीला तुमच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. तुम्ही हो म्हणालात तरच किल्ली देईन."

"संध्याकाळपर्यंत सांगतो, वहिनीसाहेब."

मायलेक गेल्यावर तो कितीतरी वेळ पेचकस पुसत राहिला.

मग तो गाडी घेऊन हरणीच्या रस्त्याला लागला. उन्हे डोक्यावर होती, रस्ता मोकळा होता. कडुलिंब दिसू लागताच त्याने डाव्या हाताची बोटे दांड्यावरून काढून मुठीभोवती घट्ट मिटली. झाडाची सावली चाकाखाली आली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दांडा सावकाश आत गेला. त्याच्या मिटलेल्या बोटांवर येऊन टेकला. तेथेच थरथरत राहिला, जणू कोणी सारे बळ एकवटून तो आवळून धरला होता. इंजिन पोकळ घोंघावले. गाडी कडेला जाऊन थांबली, तेव्हा दांडा हळूच सुटला.

ही मूठ कोणाची, हे जनार्दनला कोणी सांगायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या संध्याकाळी येथेच एक ट्रक आडवा वळला होता आणि स्नेहलताचे पती उदयसिंहराव त्याखाली गेले होते. लोक म्हणाले, वेग. पानवाला तेवढा म्हणाला होता, "साहेबांनी क्लच शेवटपर्यंत आवळलेला होता हो."

क्लचच्या मधल्या नटामागे पत्र्याची एक चकती बसते. तिचा कान छन्नीने वाकवून नटाच्या कडेला चिकटवला, की नट हलत नाही. कान न वाकवता चकती ठेवणे त्याच्या हाताला ठाऊक नव्हते. त्या वर्षी खंडेनवमीला, उदयसिंहरावांची गाडी उघडी असतानाच, त्याच्या बायकोने, जिजाबाईने, त्याची अवजारे पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले. पाटावरची छन्नी दशमी उलटेपर्यंत उचलायची नाही, हा घरचा नेम. जनार्दनने चकती काढून ठेवली, नुसता नट आवळला, झाकण लावले. एकादशीला उघडू, असे तो मनाशी म्हणाला. उदयसिंहराव गाडी न्यायला आले, तेव्हा सांगायचे राहून गेले. दसऱ्याचा दिवस, सोने वाटण्याची गडबड. तो नट सैल झाला असेल, तर क्लच कितीही दाबला तरी चाक इंजिनापासून सुटणार नव्हते.

गॅरेजमध्ये परतून त्याने झाकणाचे स्क्रू काढले. झाकणावरचे लाखेचे सील त्याचेच होते, अभंग. ऑइल थाळीत ओघळले. त्याने बॅटरीचा उजेड आत धरला.

नटामागे चकती होती.

कान व्यवस्थित वाकवलेला. त्यावर तांदळाएवढा उंचवटा. जनार्दनच्या छन्नीच्या टोकाचा कपचा उडालेला होता. तिच्या घावाखाली असाच उंचवटा राही. सबंध बडोद्यात तशी दुसरी छन्नी नव्हती.

तो उठला, देवाच्या तसबिरीमागची डबी काढली. आत आपट्याचे वाळलेले पान, आणि पानाखाली ती चकती. सपाट. कान कधीच न वाकवलेला.

लोखंड खोटी साक्ष देत नाही, असे त्याचे उस्ताद म्हणत. आज लोखंड त्याच्या बाजूने बोलत होते. झाकण लावावे, गाडी ठीक आहे म्हणावे, झाले. त्याने झाकण लावलेही. शेवटचा स्क्रू आवळताना दांड्याकडे त्याचे लक्ष गेले. तो किंचित आत गेला, आणि बाहेर आला.

संध्याकाळी कारेलीबागेतल्या घरी स्नेहलता वह्या तपासत बसली होती. जनार्दनने डबी तिच्यापुढे ठेवली आणि उभ्यानेच सारे सांगितले. पाट, छन्नी, एकादशी. लाल पेन्सिल तिने वहीत ठेवली, वही मिटली.

"पण गाडीत चकती आहे म्हणता ना?"

"आहे. या डोळ्यांनी पाहिली."

"मला दाखवा."

दोघे गॅरेजमध्ये आली. त्याने तिच्यासमोर झाकण काढले, बॅटरी धरली. नट उघडा होता. मागे काही नव्हते. त्याने दोन बोटे लावली. पानाही लागला नाही, नट नुसत्या बोटांनी फिरला.

"सोमवारी..." तो म्हणाला.

स्नेहलताने उघड्या नटाकडे पाहिले. मग डबीतली चकती काढून त्याच्यापुढे तळहात केला.

"वहिनीसाहेब, मी..."

"माझं काय ते मी बघेन, जनार्दनभाई. तुम्ही आधी ही बसवा."

त्याने चकती बसवली, नट आवळला, छन्नी उचलली. एकच घाव. कान वाकून नटाच्या कडेला बसला. त्याने बॅटरी जवळ नेली.

तांदळाएवढा उंचवटा. दुपारी पाहिला होता, त्याच जागी.