नवीन मशीन मिळणार नाही

शिलाई मशीन दुरुस्त करणारा धाकटा भाऊ टेकीला आला होता. इंटरनेटवरच्या त्याच्या जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की पैसे कापले जात, आणि क्लिक करणारे बहुतेक जण फोन करून नव्या मशीनची किंमत विचारत. या महिन्यातही जाहिरातीचा खर्च निघाला नाही, तर दुकान बंद करून कारखान्यात नोकरी धरायची, असं त्याने ठरवलं होतं.

मग ताईने जाहिरात आपल्या हाती घेतली. पहिल्याच ओळीत तिने लिहिलं, ‘फक्त दुरुस्ती. नवीन मशीन मिळणार नाही.’ खाली तपासणीची फीसुद्धा टाकली.

आठवड्याने भावाने तिच्यापुढे मोबाइल नाचवला. “क्लिक निम्म्यावर आले! ताई, तुला गिऱ्हाईक बोलवायला सांगितलं होतं, हाकलायला नाही.”

“रिकामटेकडे गेले, जाऊ देत. दुरुस्तीला मशीन किती आल्या?”

तो घुटमळला. “गेल्या आठवड्याच्या दुप्पट. फीवरून कुणी हुज्जतही घातली नाही.”

“आणि जाहिरातीचा खर्च?”

“निघाला. वर थोडे उरलेसुद्धा.”

“मग तोंड का वाकडं?”

“कारखानावाले उद्यापासून ये म्हणतायत. त्यांना काय सांगू?”

“सांग, माणूस कामात आहे.”

भावाने तिथेच उभ्याउभ्या नकार कळवला. मग दिवा जवळ ओढला आणि सकाळी आलेल्या मशीनची अडकलेली सुई सोडवायला बसला.