बिनभोकाचं चॅपल

वर्लिन हॉगस्टाडनं गोठलेल्या बुलहेड तळ्याच्या बर्फावर चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, उभं केलं, तेव्हा ते बघायला आलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता. यात खोडी कुठं लपवलीय?

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. वर्लिन म्हणजे कोण? डेल्मर क्वामे जेवायला घरी गेला होता, तेवढ्यात त्याचं मासेमारीचं खोपटं पिकअपला बांधून ज्यानं तळ्याच्या पार पल्याडच्या टोकाला नेऊन ठेवलं, आणि मग अंधार पडेपर्यंत त्याच डेल्मरच्या खांद्याला खांदा लावून ते शोधायला मदत केली, तो हा. लूथरन चर्चच्या दाराला ज्यानं 'विकणे आहे'ची पाटी लावली, आणि खरंच एक गिऱ्हाईक येऊन खिडक्या मोजून गेलं, तोही हाच. धंद्यानं प्लंबर. तुंबलेला पाईप मोकळा करून जायचा आणि पुढचे कितीतरी दिवस त्या घरच्या नळाला हिरवं पाणी यायचं. लोक शिव्या घालायचे, पोट धरून हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यालाच बोलवायचे.

पण हसून झालं की लोक आपापल्या घरी जातात. वर्लिनही जायचा. त्याची बायको जोलीन एक दिवस दूर डुलुथ शहरी निघून गेली, ती जाताना एवढंच म्हणाली की तुझं सगळं हसणं तू गावात वाटून येतोस, माझ्या वाट्याला नुसता गप्प बसलेला माणूस येतो. त्यावर वर्लिनला चटकन एक विनोद सुचला होता. तो त्यानं केला नाही, पण तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती.

बायबलच्या वर्गाला तो गेला तोही खोडी काढायलाच. शेजारच्या गावात एका चर्चच्या तळघरात आठवड्यातून एकदा वर्ग भरायचा, कॉफी फुकट होती आणि वर्लिनच्या खिशात रबरी उंदीर होता. पास्टर एंगस्ट्रॉम त्या दिवशी सांगत होते की येशू अशा माणसाच्या घरी जेवायला गेला ज्याच्या पंगतीला गावात कुणी बसत नसे. वर्लिनच्या मनात आलं, आपल्याला बघून सगळा गाव हसतो, पण आपल्या टेबलाशी शेवटचं कोण बसलं होतं? आठवेना. उंदीर खिशातच राहिला आणि वर्लिन दोन वर्षं वर्गाला जात राहिला.

शेवटच्या वर्गाला पास्टरनी सगळ्यांना बजावलं, डोक्यात साठवलेलं शास्त्र म्हणजे तळघरातल्या लोणच्याच्या बरण्या. झाकण उघडून कुणाच्या तरी ताटात वाढलं नाही तर उपयोग शून्य. आणि मिशनरी म्हणजे काही दूरदेशी जाणारा नव्हे, मिशनरी म्हणजे पाठवलेला. एक पोरगी केनियाला गेली. एक जोडपं होंडुरासला गेलं. वर्लिननं बुलहेड तळं मागून घेतलं. पास्टरांचा चेहरा जरासा पडला, पण ते हो म्हणाले.

त्याचा हिशेब सरळ होता. हिवाळ्यात तळं गोठलं की सगळा गाव बर्फावर, खोपट्यात बसून बर्फाला पाडलेल्या भोकातून गळ टाकायला. खोपट्यांच्या रांगा, रांगांमधून पिकअपचे रस्ते, आणि रविवारी सकाळी मासा जोरात लागतो म्हणून चर्चकडे ढुंकून न बघणारे कितीतरी बाप्ये. ते चर्चला येत नाहीत तर चर्चच त्यांच्याकडे जाईल. वर्लिननं एक खोपटं बांधलं. पांढरा रंग, दारावर क्रूस, आत गॅसची शेगडी, समोरासमोर दोन बाकडी आणि खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत गुळगुळीत फळ्यांची जमीन.

त्या जमिनीला भोक नव्हतं.

बर्फावरच्या खोपट्याला भोक नाही, म्हणजे विहिरीला पाणी नाही. वर्लिनला हे कळत नव्हतं असं नाही, जन्म तळ्यावर गेलेला त्याचा. पण वर्गाच्या पुस्तकात छापलं होतं की समोरच्याचं लक्ष उडेल अशी कुठलीही वस्तू मध्ये ठेवू नका. आणि दोन वर्षं शिकलेला माणूस स्वतःच्या शहाणपणापेक्षा पुस्तकावर जरा जास्तच विश्वास ठेवतो.

झालं. गळाला लावायचे जिवंत मासे विकणारी लोर्ना पिक्कारायनन दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली की बाबांनो, जपून. भोक नाही तर त्या फळ्यांखाली काय आहे? कुणी म्हणालं बाकड्याला गोंद असणार. कुणी म्हणालं क्रूसामागे कॅमेरा असणार आणि जुलैच्या जत्रेत आपली प्रार्थना करतानाची तोंडं पडद्यावर दाखवणार. एकानं तर शपथेवर सांगितलं की वर्लिननं आख्खं खोपटं चाकांवर ठेवलंय, तुम्ही डोळे मिटले की निघालं.

वर्लिन कॉफीचा थर्मास घेऊन खोपट्या-खोपट्यांतून फिरला. लोक गोडच बोलले. इकडची माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, येईन की कधीतरी म्हणतात, आणि ते कधीतरी कुणाच्याच कॅलेंडरात नसतं. त्याची कॉफी सगळ्यांनी घेतली, वाखाणली, आणि त्याची पाठ वळली की भोकात ओतली. तळ्यातले मासे त्या हिवाळ्यात झोपले नसतील.

"येशूच्या कोळ्यांसारखा माणसं धरायला निघालास म्हणे," लोर्ना एकदा सगळ्यांसमोर म्हणाली. "गळाला काय लावतोस ते तरी सांग, लेका. माझ्याकडं मिळेल."

सगळे हसले. वर्लिनही हसला, कारण विनोद चांगला होता.

मग तो आपल्या खोपट्यात जाऊन बसायचा. दिवसभर. खाली बर्फ मधूनच गडगडायचा, दूरवर कुणी जड कपाट सरकवावं तसा. शेजारच्या खोपट्यांतून हसण्याचे आवाज यायचे. समोरच्या रिकाम्या बाकड्याला त्यानं एकदा सगळं प्रवचन म्हणून दाखवलं; बाकड्यानं तक्रार केली नाही. कधी कधी त्याचे हात शिवशिवायचे. एक खोडी, फक्त एक, लोर्नाच्या बादलीत एखादा रबरी साप सोडला असता तर संध्याकाळपर्यंत सगळ्या खोपट्यांची दारं त्याला उघडली असती. पण मग या पांढऱ्या खोपट्याला काही अर्थच उरला नसता. त्याला गर्दी नकोच होती. एका माणसानं, एकाच, आपल्याला खरं मानावं, एवढंच हवं होतं. मार्चमध्ये बर्फ ठिसूळ झाला की सगळ्यांना खोपटी काढून न्यावी लागतात. तोवर एकही आला नाही तर वर्लिननं मनाशी ठरवलं होतं: झाकण लावून बरण्या तळघरात, आपण पुन्हा पाईप आणि हिरवं पाणी.

फेब्रुवारी सरत आला होता तेव्हा एका दुपारी डेल्मर क्वामेचा पिकअप बरोबर चॅपलच्या दारात थांबला.

डेल्मर आत आला. आधी त्यानं बाकडं हातानं चाचपलं. मग वाकून बाकड्याखाली पाहिलं. मग क्रूसामागे बोट घातलं, शेगडी उचलून बघितली, एक-दोन फळ्यांवर टाच आपटली. 

"खरं सांग," डेल्मर म्हणाला. "खोडी आहे का?"

"नाही."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

डेल्मर बसला. वर्लिन समोर बसला. दोघांच्या गुडघ्यांत हातभर अंतर होतं आणि मध्ये बघायला काहीच नव्हतं. डेल्मरनं छताकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, बुटांकडं पाहिलं. वर्लिननं घसा खाकरून पुस्तकात सांगितलेला पहिला प्रश्न विचारला, मित्रा, तुझ्या मनावर काही ओझं आहे का. डेल्मर ताडकन उठून बाहेर गेला.

गेला, वर्लिनला वाटलं. संपलं.

पण डेल्मर परत आला, हातात बर्फाला भोक पाडायचं इंजिनाचं गिरमिट, झारा, बादली आणि गळ घेऊन. त्यानं ते दोन बाकड्यांच्या बरोबर मध्ये टेकवलं आणि चालू केलं. वर्लिनच्या गुळगुळीत फळ्यांचा भुस्सा उडाला, मग पांढरा बर्फ उडाला, मग खालून काळं पाणी वर आलं. डेल्मरनं झाऱ्यानं वरचा चुरा काढून बादलीत टाकला, त्यात पाणीही बरंच गेलं. मग गळ सोडला, मासा लागला की बुडणारा दोरीवरचा तांबडा गोळा पाण्यावर ठेवला आणि खाली बसला.

"आता बोलता येईल," तो म्हणाला. "मी तुझ्याकडं बघणार नाही. तूही बघू नकोस."

दोघं भोकाकडं बघत बसले. तळ्यावर दोन बाप्ये असेच बोलतात, जन्मभर, आणि वर्लिन दोन वर्षं शिकून नेमकं हेच विसरला होता.

डेल्मर त्या तांबड्या गोळ्याला सगळं सांगत गेला. त्याची बायको अर्डिस शरदापासून गावातल्या वृद्धाश्रमात होती, ते सगळ्यांना ठाऊकच होतं. ती आता माणसं विसरते हेही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते कालचं. काल तो तिच्या खोलीत गेला, खुर्ची ओढली, तर तिनं त्याच्याकडं छान हसून बघितलं.

"म्हणाली, अहो साहेब, माझा नवरा कधी येईल तुम्हाला माहीत आहे का?" डेल्मरनं दोरी उगाच जराशी हलवली. "मी म्हटलं, तो तळ्यावर गेलाय. तर म्हणते, त्याला निरोप द्याल का? म्हणावं, सावकाश ये. बर्फ पातळ असेल."

 मग त्याचा आवाज फाटला. "एकोणचाळीस वर्षं झाली लग्नाला. तिथं जाऊन बसतो तो मी कोण, वर्लिन? नवरा तर तळ्यावर गेलाय. मग मी कोण?"

वर्लिननं डोक्यातल्या सगळ्या बरण्या उघडून पाहिल्या. आधी प्रश्न, मग वचन, मग प्रार्थना, असा क्रम होता. एकही वचन जागेवर सापडेना. तेवढ्यात तांबडा गोळा डुबुक्कन खाली गेला. चांगला मोठा मासा असणार, दोरी सर्रकन सुटत होती. डेल्मरनं ते बघितलं. वर्लिननंही बघितलं. हात कुणीच पुढे केला नाही. दोरी ताणली, थरथरली, आणि सैल पडली.

तेव्हा वर्लिनला कळलं की या माणसानं आपल्याला खरं मानलंय.

"उद्या गेलास की तिला सांग," तो हळूच म्हणाला, "तुमच्या नवऱ्यानंच मला पाठवलंय."

"म्हणजे खोटं बोलू?"

"खोटं मी आयुष्यभर बोललोय, मला त्याची चव कळते. हे खोटं नाही. पाठवलेल्या माणसाला लोक ओळखत नसले म्हणून तो पाठवलेला नसतो असं नाही. मला बघ ना. हिवाळाभर मी इथं तसाच बसलोय."

डेल्मरनं विचार केला. "आणि तिनं विचारलं, तो कधी येणार, तर?"

"सांग, तो येईस्तोवर मी बसतो."

डेल्मर क्वामेला लोकांनी बापाच्या दफनालाही रडताना पाहिलं नव्हतं. आता तो दोन्ही हातांत तोंड घालून रडला, लहान पोरासारखा, नाक वाहीपर्यंत. वर्लिन भोकाकडं बघत राहिला. मग त्यानं प्रार्थना केली, अगदी लहान, की बाबा, या माणसाला वाटेत साथ दे, आणि तिला कुणीतरी आपलं आलंय एवढं तरी वाटू दे. शिकलेल्यातलं एकही वाक्य त्यात नव्हतं.

बाहेर कुजबुज ऐकू यायला लागली. वर्लिननं खिडकीच्या कोपऱ्यातून पाहिलं. डेल्मरचा पिकअप चॅपलच्या दारात दिसल्यावर लोर्ना आली होती, तिच्यामागे आणखी पाच-सात जण. हात खिशात, नजरा दारावर. तमाशाची वाट बघत उभे.

डेल्मरनं बाहीनं तोंड पुसलं. डोळे टोमॅटोसारखे झाले होते. मागे दार आहे का, त्यानं विचारलं. नव्हतं. या तोंडानं बाहेर पडलो तर लोर्ना संध्याकाळपर्यंत गावभर करेल, तो म्हणाला, आणि अर्डिसची कहाणी दुकानाच्या गल्ल्यावर चघळली जाईल. ते नको. बाकी काही होऊ दे, ते नको.

वर्लिननं बादलीकडं पाहिलं. डेल्मरनं वर्लिनकडं पाहिलं. इतकी वर्षं त्या माणसाच्या खोड्या खाल्लेल्या, त्यामुळं सांगावं लागलं नाही.

"अरे, पण मग इथं परत कुणी पाऊल टाकणार नाही," डेल्मर म्हणाला.

"तू?"

"मला आता रोज तिकडं बसायला जायचंय." तो ओशाळून म्हणाला.

"मग बरोबरच आहे," वर्लिन म्हणाला. "गार लागेल हं."

त्यानं दार सताड उघडलं, डेल्मरला उंबऱ्यावर उभं केलं, आणि सगळ्यांच्या देखत ती बर्फाच्या चुऱ्याची अख्खी बादली त्याच्या तोंडावर रिकामी केली.

डेल्मर काय नट निघाला. त्यानं अशी बोंब मारली की पार पल्याडच्या खोपट्यांतून माणसं बाहेर आली. वर्लिनच्या सात पिढ्या उद्धरत, गळक्या नाकानं, लालभडक डोळ्यांनी, ओल्या तोंडानं तो पिकअपकडं पळाला, आणि ते डोळे बर्फानं लाल झालेत की आणखी कशानं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. लोर्ना तर हसून हसून खाली बसली.

"म्हटलं नव्हतं मी?" ती सगळ्यांना म्हणाली. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दोन महिने दबा धरून बसला होता मेला."

कुणीतरी वर्लिनच्या पाठीवर थाप मारली. कुणीतरी म्हणालं, आता तू आमचा वर्लिन शोभतोस, ये संध्याकाळी आमच्या खोपट्यात. वर्लिननं दात दाखवले, टोपी काढून तमासगिरासारखा मुजरा केला, आणि दार लावून घेतलं.

आत सगळं ओलं झालं होतं. शेगडी विझली होती. बाहेरचं हसणं हळूहळू पांगत पांगत आपापल्या खोपट्यांत शिरलं. वर्लिन रिकाम्या बाकड्यासमोर बसला आणि कान देऊन ऐकू लागला. डेल्मरचा पिकअप सुरू झाला होता. त्याच्या स्वतःच्या खोपट्याकडं जायला उजवीकडं वळावं लागतं. पिकअप वळला नाही. सरळ किनाऱ्याकडं गेला, चढावर गुरगुरला, आणि गावाकडं, अर्डिसकडं जाणाऱ्या रस्त्याला लागला.

तो आवाज पार नाहीसा होईपर्यंत वर्लिन ऐकत होता. मग भोकातल्या पाण्यावर कडेकडेनं बर्फाची साय धरायला लागली. त्यानं झारा उचलला, साय बाजूला केली, आणि तो पुन्हा बसला.