टोचन

निशिगंधाने ॲक्सिलरेटर आणखी दाबला. इंजिन नुसतं बोंबललं. गाडी पुढे सरकायचं सोडून चढावर वीतभर मागेच आली. तिने घाईने ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला आणि गिअरचा दांडा पार्कवर नेऊन पुन्हा ड्राइव्हवर आणला. तेच. मागच्या एसटीने हॉर्नचा सपाटा लावला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून तिच्याकडे असं पाहिलं, जणू राजूर घाट हिनेच अडवायला बांधला होता.

तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओने नेलेला. क्लच दाबायला पायात जोर नाही, म्हणून ही गाडी. कुण्या डॉक्टरने वापरून वापरून विकलेली, रंग उडालेली, दारं कुरकुरणारी. पण ऑटोमॅटिक! एका उजव्या पायावर चालणारी. ती येण्याआधी निशिगंधा नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळेत शिकवायला जायची. म्हणजे गोविंदाच्या मनात आलं तर जायची. त्याचा पत्त्यांचा डाव रंगला की शाळा सुटल्यावर ही बाई फाट्यावर बाभळीखाली उभी. बसायला दगड नाही, लघवीला आडोसा नाही. तो यायचा तेव्हा वर हसायचा, "हरपली नाही ना?" गाडी आली आणि हे सगळं थांबलं. स्वतःच्या वेळेला निघायचं, स्वतःच्या वेळेला घरी यायचं. एवढंच तिला हवं होतं आणि एवढं तिला मिळालं होतं.

तिने बुलढाण्याच्या धम्मरत्नला फोन लावला. ऑटोमॅटिक गाड्या उघडणारा आसपास तो एकच.

"तेल कमी झालं असंल, मॅडम," तो म्हणाला. "कुठंतरी सील गळत असंल. मोठं काही नाही. मी क्रेन पाठवतो. फक्त एक करा, कोणाले टोचन लावू देऊ नका."

बंद गाडीला दोर बांधून दुसऱ्या गाडीने ओढायचं, ते टोचन. मातीत रुतलेला ट्रक असो की लग्नाला निघालेली जीप, बंद पडलं की टोचन लावायचं, हा आपल्याकडचा पहिला इलाज आणि शेवटचाही.

गोविंदालाही तिने फोन केला होता. तो ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा दोर त्याच्या खांद्यावरच होता.

"अवो, टोचन नका लावू," ती काचेतूनच ओरडली. "आतलं सगळं जळते म्हणे. क्रेन येऊन राह्यली."

"काऊन? सोन्याची हाय काय तुही गाडी?"

"धम्मरत्न म्हणे."

गोविंदाने बॉनेटवर हात टेकला आणि जरा वेळ गाडीकडे पाहत राहिला. मग दोर त्याने ट्रॅक्टरच्या सीटवर टाकला.

"बरं. नाही लावत. पोरायची परीक्षा हाय ना आज? तू जाय. मी थांबतो गाडीपाशी."

तिला बरं वाटलं. खरं तर भरूनच आलं. अशा उन्हात, झाडाची सावली नसलेल्या वळणावर हा माणूस आपल्यासाठी थांबतो म्हणतो! शाळेतली अनुपमा मागून स्कूटरवर आली, तिच्यामागे बसून निशिगंधा गेली. वळणावरून तिने मागे हातही हलवला. वेडी बाई.

संध्याकाळी अनुपमाने तिला घरी आणून सोडलं, तर गाडी अंगणात. पुढच्या हुकाला दोराची गाठ अजून तशीच, आणि जळक्या तेलाचा वास पार चुलीपर्यंत.

"काय केलं हो तुम्ही हे?" तिचा आवाज चढला. "मी सांगून गेली होती ना? हात जोडून सांगून गेली होती!"

"क्रेन आलीच नाही," गोविंदा खाटेवरून उठला नाही. "रातभर घाटात सोडतो काय गाडी? चोट्ट्यायनं चाकं बी ठेवली नसती. न्यूट्रलमधी टाकली, एका पोराले स्टिअरिंगवर बसवलं अन् आणली हळूहळू. मले काय माहीत तुह्या ऑटोमॅटिकचं?"

"माहा लेक दिवसभर उन्हात भाजला," आतून विमलबाईंनी, तिच्या सासूने, तोंड घातलं. "त्याले पाणी इचारशील, का त्या डबड्यासाठी भांडशील?"

निशिगंधाने त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. त्याच्या मानेवरची कातडी खरंच लाल झाली होती. न कळून चूक झाली असेल तर माणसाला किती घालून पाडून बोलायचं, असं तिचं तिलाच वाटलं. तिने त्या रात्री त्याच्यासाठी कांद्याचा झुणका टाकला, भाकरी एकेक करून गरम वाढली. तो पोटभर जेवला.

दोन दिवसांनी क्रेनने गाडी बुलढाण्याला गेली. त्यानंतर धम्मरत्नने बोलावलं म्हणून दोघं मोटारसायकलवर गेली. गोविंदा चाकात हवा भरायला समोरच्या दुकानात गेला आणि निशिगंधा एकटीच गॅरेजच्या बाकड्यावर बसली. गाडीच्या पोटातलं सगळं बाहेर काढून पत्र्यावर मांडलेलं. तेल काळंकुट्ट, आणि त्यात चकाकणारा लोखंडाचा कीस.

"गेलं, मॅडम," धम्मरत्न बोटं पुसत म्हणाला. "इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सात तेल फिरत नाही. पण चाकं फिरली की आतलं फिरतेच. कोरडं कोरड्यावर घासलं. दुसरा गिअरबॉक्स बसवायचा म्हटलं तर गाडीपेक्षा महाग जाईल. आणि एवढ्या जुन्या गाडीचा भेटणार बी नाही."

"आधीचं काय होतं?"

"आधीचं? सील गळत होतं. दोन दिवसांत चालू करून दिली असती तुम्हाले."

तिला रडू यायला लागलं. पण रडली नाही. उलट नवऱ्याचीच बाजू घेऊन बसली. "यायले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "क्रेन बी आली नाही ना तुमची."

धम्मरत्नने पुसणं थांबवलं. "आली नाही? मॅडम, क्रेन निघतच होती, भाऊंनीच नको म्हटलं. दुपारी त्यांचा फोन आला मले. म्हणे, टोचन लावून नेलं तर काय होते? म्हटलं, गिअरबॉक्स जळते. म्हणे, पक्कं जळते काय? म्हटलं, घाट उतरेपर्यंत काही राहत नाही. तर म्हणे, बरं, ठीक आहे, क्रेन आज राहू द्या. मले वाटलं, समजले."

समोरच्या दुकानात पंप फुसफुसत होता. गोविंदा चाकाला अंगठा दाबून हवा पाहत होता, शांतपणे, बाजारात वांगी पाहावीत तसा. निशिगंधाला जळगाव जामोदचं लग्न आठवलं. ती गाडी चालवत गेली होती, तो शेजारच्या सीटवर. मांडवाच्या दारात त्याचा एक मावसभाऊ ओरडला होता, "गोविंदा, ड्रायव्हर झकास ठेवली बे! जेवण देतं का नुसता पगार?" सगळे हसले. ती पण हसली, सगळ्यांपेक्षा जास्त. गोविंदा मात्र पंगतीतून अर्ध्यावर उठला होता. पित्त झालं, असं तिला वाटलं होतं.

"काय म्हणे?" गोविंदाने परत येऊन विचारलं.

"गेली म्हणे."

"जाऊ दे. जुनीच होती. मी आहे ना, मी सोडत जाईन तुले." त्याने तिच्यासाठी मागचा फूटरेस्ट स्वतः वाकून उघडला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं त्याने कधी केलं नव्हतं.

ती बसली. न बसून जाते कुठे? घाट उतरताना वाऱ्यात तो काहीबाही बोलत होता. उद्या लवकर निघू, वाटेत चहा घेऊ. तिच्या कानात मात्र एकच घोळत होतं, पक्कं जळते काय? गावात शिरल्यावर त्याने चौकातल्या पानटपरीपुढे मोटारसायकल उभी केली, स्टँड लावला आणि तिला तशीच वर बसवून पुडी घ्यायला गेला. एकटीने उतरणं तिला जमत नाही, हे त्यालाही माहीत आणि चौकालाही.

पारावर किसनराव, शेषराव आणि नेहमीची पाच-सहा टाळकी.

"काय मॅडम," किसनराव म्हणाले, "आज पुन्हा जुन्या गाडीवर? तुमची चारचाकी कुठं गेली?"

आता! आता नाही बोलायचं तर कधी? आपला नवरा काय लायकीचा आहे, ते कळू दे एकदा गावाला. लाजेने मान खाली जाऊ दे त्याची, तिथंच, सगळ्यांसमोर. तिने पदर सारखा केला आणि टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"जाळली. यायनंच जाळली. वढली तर पक्की जळते काय, असं मेकॅनिकले फोन करून इचारलं, येणारी क्रेन थांबवली, अन् मंग टोचन लावून आणली."

गोविंदाचा पुडी धरलेला हात हवेतच राहिला. त्याचा चेहरा पडला, हे तिने डोळे भरून पाहिलं.

मग शेषरावांनी मांडीवर थाप मारली.

"इचारून जाळली? वा रे वाघा!"

"पाह्य बे," किसनराव पारावरून उठलेच, "आमी म्हणत होतो, यानं बायकोले डोक्यावर बसवली. अन् यानं त गाडीच संपवली! ना भांडण, ना मारझोड!"

हशा उसळला. कोणीतरी गोविंदाच्या पाठीत धपाटा घातला, टपरीवाल्याने त्याचे पैसे परत केले. "आज माह्याकडून, गोविंदभाऊ." एक जण तर जोडीदाराला सांगत होता, "शीक काही." गोविंदाने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि बघता बघता तो सगळ्यांबरोबर मान मागे टाकून हसायला लागला.

तो मोटारसायकलपाशी आला. तिच्यावर जरासुद्धा रागावलेला नव्हता. उलट नवीन लग्न झालं तेव्हा बोलायचा, तसा हळू आवाज काढून म्हणाला, "धर नीट. पडशील."

त्याने किक मारली. निशिगंधाने त्याच्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात मागे नेला आणि सीटमागची लोखंडी दांडी धरली. गोविंदाच्या ते लक्षातही आलं नाही. तो मान वळवून चौकाकडे हात हलवत होता.