भरल्या गुंडाची पावलं

कौसल्याबाईंनी लाकडी तलावात बोट घातलं, नाल्याच्या काठाकाठानं सरकवत नेलं आणि एका जागी थांबवलं.

"इथं विहीर होती, पोरी."

मुस्काननं वाकून पाहिलं. घाटंजीतल्या आपल्या वडिलांच्या, तारिकभाईंच्या सुतारखान्यात ती पंधरा दिवस हा तलाव घडवत होती. तलावाखाली बुडालेल्या गावाचा धरणाआधीचा सरकारी नकाशा कुणालाही पाहता येत होता. त्यातल्या उंचीच्या रेषा तिनं संगणकावर उतरवल्या, दर मीटर खोलीला प्लायचा एक थर कापला, आणि तारिकभाईंनी ते थर एकावर एक चिकटवले. उद्या सकाळी ग्रामपंचायतीची माणसं तो न्यायला येणार होती. तलावात उतरायच्या पायऱ्या कुठं बांधायच्या, उन्हाळ्यात पोरांना पोहायला कुठं सोडायचं, ते त्यावरून ठरणार होतं. पोरांसाठी उथळ जागा बघून मुस्काननं हिरवी टाचणी टोचली होती. कौसल्याबाईंचं बोट तिला लागूनच होतं.

"आजी, नकाशात एकच विहीर हाय. हे, पाराजवळची."

त्या विहिरीजवळ चिठ्ठी होती : गावची विहीर.

"ते त्यांची. तिथं आमाले चढू देत नव्हते. माह्या बापानं अन् वस्तीतल्या माणसांनी ही खोदली. मोजणीवाला वस्तीत कायले येते?"

तारिकभाईंनी रंधा बाजूला ठेवला. मोजल्याशिवाय विहिरीचं भोक पाडणार नाही, असं ते शांतपणे म्हणाले. चुकीचं भोक बुजवता येतं, पण दिसायचं राहत नाही.

मोजायला कौसल्याबाईंकडे एकच माप होतं. वस्तीच्या टोकाच्या घरापासून, म्हणजे त्यांच्याच घरापासून, विहीर नाल्याच्या काठानं एकशेचाळीस पावलांवर होती. वस्तीत न येताही मोजणीवाल्यानं टोकाचं ते घर तेवढं नकाशात दाखवलं होतं. मुस्काननं त्यांना अंगणात चालवलं, टेप लावला. पाऊल दोन फुटांचं भरलं.

दुपारी दोघी खऱ्या तलावावर पोचल्या. काठावर राहणाऱ्या बबनरावांनी मासे धरायची आपली लहान नाव काढली. दोराला फुटाफुटावर गाठी होत्या आणि टोकाला तराजूतलं दोन किलोचं वजन. मुस्कान मोबाइलवर जागा बघत होती.

दोर सैल पडला. सहा फूट.

नाव चार हात पुढं. सहा फूट. मागं. सहाच.

"बाई, इथं तं म्हैसही डुबत नाही," बबनराव म्हणाले.

मुस्कान हसली नाही. हिरवी टाचणी तिथंच राहील, एवढंच म्हणाली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. कौसल्याबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्या विहिरीचा थंडावा पन्नास वर्षं त्यांच्या तळहातात होता. आता त्यांनी तळहात पाहिला, तर तो नुसता म्हातारा हात होता. आणि विहीर असली तर? उन्हाळ्यात पाणी उतरलं, की त्या टाचणीपाशी पोरं छातीएवढ्या पाण्यात चालत येतील.

नाव काठाला लागली. बबनरावांची बायको रुपीबाई हातपंपावरून पाण्यानं भरला घागरीएवढा गुंड डोक्यावर घेऊन येत होती. मान ताठ, पावलं लहान, ओठ हलताहेत.

कौसल्याबाई बघत राहिल्या.

"रुपीबाई, तो गुंड मले दे जरा."

"कायले? मान मोडून घ्याची हाय का म्हातारपणी?"

"दे तं."

त्यांनी पदराची चुंबळ केली. गुंड डोक्यावर चढला तशी पाठ आपोआप सरळ झाली.

"लाव टेप," त्या मुस्कानला म्हणाल्या. "जाताना कोण मोजते? रिकामा गुंड घेऊन आमी पोरी पळत जावो. मोजाचं ते येताना. माय म्हणे, मोजत राह्य, मान दुखत नाही."

"पण आजी, तवा तुमी लहान होत्या."

"बारा वर्षांची. आता पाय पुन्हा तेवढेच पडून राह्यले."

पाऊल सव्वा फुटाचं भरलं. मुस्काननं हिशेब केला, पुन्हा केला. विहीर शंभर फूट अलीकडं आली. लाकडावर ते अंतर ज्वारीच्या दोन दाण्यांएवढं होतं. कौसल्याबाईंच्या बोटाखाली दोन्ही जागा झाकल्या गेल्या असत्या.

ऊन कलतं झालं होतं. नाव पुन्हा पाण्यात.

सहा फूट. सहा फूट.

तिसऱ्यांदा दोर सैल पडलाच नाही. बबनरावांच्या हातातून गाठी सरकत राहिल्या. सात, आठ त्यांनी मोठ्यानं मोजल्या. पुढच्या मोजल्या नाहीत. दोर संपल्यावर वर ओढायला मुस्काननंही हात लावला. वजन आलं ते काळ्या गाळात माखून, आणि वरच्या कितीतरी गाठीही काळ्याच होत्या.

बबनरावांनी नाव वळवली.

सुतारखान्यात मुस्काननं हिरवी टाचणी उपटली आणि थेट पलीकडच्या काठाला टोचली. तारिकभाईंनी पेन्सिलीनं खूण केली, एकदा कौसल्याबाईंकडे पाहिलं आणि ड्रिल लावलं. खालचे सगळे थर पार करून ते टेबलापर्यंत गेलं.

मुस्काननं कोरी चिठ्ठी पुढं घेतली.

"आजी, हिचं काय लिहू? वस्तीची विहीर?"

कौसल्याबाईंनी भोकाभोवतीचा भुसा फुंकला. मग पाराजवळच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"तिथं जे लिवलं हाय ना," त्या म्हणाल्या, "तेच लिव."