बोटांनी वाचलेलं पान

"ह्यातलं काईच गेलेलं न्हाई, काकू," मरिया तिसऱ्यांदा म्हणाली. विजयाबाईंनी तिसऱ्यांदा पडद्याकडे पाहिलं. तिथे इंग्रजी अक्षरं, अर्धविराम आणि कंस यांची नुसती खिचडी होती. एकोणीस दिवसांपूर्वी त्याच जागी त्यांच्या यजमानांनी, नृसिंहबुवांनी लिहिलेलं प्रल्हादाचं आख्यान होतं, स्वच्छ मराठीत.

झालं होतं ते असं. दिवाळीला मुलगा सुहास पुण्याहून कोल्हारला आला आणि आई सहज म्हणाली की कॉम्प्युटर फार हळू चालतो. सुहास गुणी मुलगा. बाबा आता टाइप करत नाहीत म्हणून त्याने मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि साफसफाईचा एक प्रोग्राम आणून त्याच्या मागे उरलेल्या फायलीही झाडून काढल्या. त्या उरलेल्यांतच बुवांच्या अक्षरांचा फॉन्ट होता. पानं होती तिथेच राहिली, पण कुणाला वाचता येईनाशी झाली.

बुवांनी चाळीस वर्षं गावोगाव कीर्तनं केली आणि उतारवयात स्वतः टायपिंग शिकून सगळी आख्यानं कॉम्प्युटरवर उतरवली. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, समज मात्र जागच्या जागी राहिली. डाव्या हातात पाटी दिली तर नुसत्या रेघोट्या उमटल्या, तेव्हा त्यांनी ती भिरकावून दिली. मग एक नेम ठरला. रोज दिवेलागणीला विजयाबाईंनी एक पान वाचायचं, बुवांनी ऐकायचं आणि मग दोघांनी जेवायचं. पान बंद झालं तशी बुवांनी ताटही बाजूला सारायला सुरुवात केली. दोन घास, फार तर तीन. ते जेवत नाहीत म्हणून विजयाबाईंच्याही घशाखाली काही उतरत नव्हतं.

मरिया राहुरीची. बावीस वर्षं तिने नगरच्या एका छापखान्यात टाइप केलं. सप्ताहाच्या पत्रिका, नाताळची कार्डं, निकाहची निमंत्रणं, सगळं तिच्याच बोटांखालून गेलं. छापखाना बंद पडला तेव्हा ती रडत बसली नाही. स्कूटी घेतली आणि घरोघरचे कॉम्प्युटर साफ करायला लागली. उरलीसुरली फाईलसुद्धा उघडून पाहिल्याशिवाय आणि घरच्यांना विचारल्याशिवाय पुसायची नाही, हा तिचा शिरस्ता. त्यामुळे तासाच्या कामाला तीन तास लागत आणि गिऱ्हाइकं कुरकुरत. पण तिच्या हातून कुणाच्या घरातली एक ओळही कधी हरवली नव्हती.

आजही तिने आधी काय काढलं, तर त्या साफसफाईच्या प्रोग्रामच्याच मागे राहिलेल्या फायलींची घाण. झाडणारा स्वतः निघून गेला होता आणि झाडू घरभर टाकून गेला होता. एकेका फायलीचं नाव विजयाबाईंना वाचून दाखवत, विचारत तिने ती काढली. मग म्हणाली की अगदी ह्याच जातीचा फॉन्ट तिच्या घरी जुन्या सीडीवर आहे, उद्या सकाळी आणून घालते.

"उद्याचं उद्या हो," विजयाबाई हळूच म्हणाल्या. "आज दिवे लागले की ते माझ्या तोंडाकडे बघतील, त्यांना काय सांगू?"

बुवा खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. तोंड भिंतीकडे.

मरियाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग तिने खुर्ची पुढे ओढली, दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले आणि पडद्यावरचं एकेक अक्षर नुसत्या लाकडावर दाबत गेली. डोळ्यांना त्या खिचडीचं काही कळत नव्हतं, पण कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर येतं ते बोटांना ठाऊक होतं. बोटं आधी जात होती आणि शब्द मागून येत होते.

"पोर... म्हनालं... माझा देव... ह्या खांबात बी हाय," ती अडखळत वाचू लागली. बुवांची भाषा तिच्या तोंडात राहुरीची होत होती, पण शब्द बुवांचेच होते. विजयाबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. बुवांनी मान वळवली.

अर्धं पान झालं आणि मरिया एका जोडाक्षरापाशी अडली. अंदाजाने काहीतरी म्हणून पुढे सरकली, तोच खुर्चीच्या हातावर टकटक झाली. तिने वाचणं थांबवलं. बुवा डाव्या हाताच्या एका बोटाने लाकडावर चार ठिकाणी दाबत होते, पुन्हा त्याच चार ठिकाणी. मरियाने ते बोट नीट पाहिलं आणि शब्द सुधारून म्हटला. बुवांनी डोळे मिटून उघडले.

मग तिने कीबोर्ड उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. दीड वर्षात हे कुणाला सुचलं नव्हतं.

बुवांना खूप वेळ लागला. बोट घसरे, पुन्हा जागेवर येई. पडद्यावर उमटलं एफ, ओ, टी, मग एक अर्धविराम, शेवटी के. त्यापुढे आणखी काही. मरियाने टेबलावर बोटं टेकवून तीच अक्षरं दाबली. मोठ्या बाईचं नाव कसं घ्यावं, हा संकोच होता.

"काकू, हे तुमचं नाव हाय. विजया," ती म्हणाली. "म्होरं म्हनत्यात, जेवून घे."

बुवांनी त्यांना उभ्या जन्मात 'सुहासची आई' याखेरीज हाक मारली नव्हती. विजयाबाई पडद्याजवळ गेल्या. त्या अर्धविरामावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा 'य' का?" मरियाने मान हलवली. विजयाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन तीन ताटं वाढली. मरियाचं ताट त्यांनी आपल्या ताटाशेजारी मांडलं. एका हाताने बुवांना वरणभात भरवत, दुसऱ्याने स्वतःचा घास घेत त्या जेवू लागल्या. बुवांनी चौथा घास घेतला, मग पाचवा.

तेवढ्यात सुहासचा फोन आला. त्याने विचारलं की त्या बाई आल्या का आणि बाबांची पानं सापडली का.

"नंतर बोलू," विजयाबाई म्हणाल्या. "आम्ही जेवतोय."